स्टेपनीतली हवा

“हवा कुणाची असते रे, निवास?”

दस्तगीर वस्तादांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा अंगठा स्टेपनीच्या टायरवर होता. निवासच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

“कुठली हवा, वस्ताद?”

“ही. ह्या टायरातली.”

निवासनं पाना फडक्याला पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

“टायरात आहे तोवर टायराची,” तो म्हणाला.

वस्ताद हसले नाहीत. एरवी असल्या उत्तराला ते निदान नाकातून तरी हसत.

मिरजेच्या त्या दुकानात एक जुनी मोटार उभी होती. उभी म्हणजे तीन चाकांवर. चौथ्या कोपऱ्याखाली लाकडी ठोकळा. मोटारी नुकत्या कुठं रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, त्या काळातली ती गाडी, इनामदारांच्या पणजोबांची. दुकानात आली ती पोत्यांतून. इंजिन गोठ्यात सापडलं, पितळी दिवे धान्याच्या कणगीत, आणि बॉनेटखाली इनामदारीणबाईंच्या कोंबड्या अंडी घालत होत्या. कोंबड्या उठवून ते आणावं लागलं. तो राग बाईंनी अजून सोडला नव्हता.

एकेक तुकडा ओळखून गाडी जुळवली ती वस्तादांच्या मुलानं, यासीननं. निवास त्याच्या जोडीला.

त्या काळच्या मोटारीचं चाक भर रस्त्यात गाडीपासून सुटत नसे. लाकडी आऱ्यांचं चाक जागीच राहायचं. वाटेत टायर बसला तर हवा भरलेला दुसरा टायर चढवलेली एक नुसती लोखंडी कड त्या चाकाला बाहेरून आवळायची आणि कसंबसं घर गाठायचं. ती कड म्हणजे स्टेपनी.

नवे टायर परदेशातून आले, पण चौथ्या चाकाचे आरे अजून सुताराकडे होते. तोवर चौथा टायर यासीननं स्टेपनीवर चढवला आणि हवा भरली. चाक आलं की हा उतरवून तिथं मीच चढवतो, म्हणाला, तोवर कुणी हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. कावीळ निघाली.

चाक आलं. तो आला नाही.

यासीनचा चाळिसावा झाल्यावर वस्ताद दुकानात आले. हात धुतले, आणि कुठल्याही हत्याराला शिवायच्या आधी स्टेपनीपाशी जाऊन अंगठ्यानं टायर दाबून बघितला. मग कामाला लागले. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. उंबऱ्याला हात लावून कुणी आत जावं, तसं.

टायर उतरवायचा म्हणजे आधी हवा सोडायची. ते कुणी तोंडातून काढत नव्हतं. नवं चाक भिंतीला टेकून राहिलं.

एका पावसाळी सकाळी निवासनं सहज बोट लावलं, तर टायर किंचित दबला. उद्या हे वस्तादांच्या अंगठ्याला लागलं तर म्हातारा माणूस उभ्या जागी खाली बसेल.

तेव्हापासून तो वस्तादांच्या आधी यायला लागला. हातपंपाचे दोन-चार दणके द्यायचे, वॉल्व्हची टोपी परत लावायची, पंप खिळ्याला टांगायचा. मग वस्ताद येत, अंगठा लावत. टायर कडक. ते स्वतःशीच मान हलवत आणि कामाला लागत.

निवासला बरं वाटे. खरं तर बऱ्याहून थोडं जास्तच वाटे. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखायचं, हे त्याला वस्तादांनी शिकवलं होतं. त्याच्या अंगात होतं नव्हतं ते सगळं त्यांचंच. पण वस्तादांचं दुःख आपण त्यांच्या नकळत पेलून धरलंय, हे मात्र त्याचं स्वतःचं होतं. चालताना त्याची मान जरा ताठ झाली होती.

ते ध्यानात आलं फक्त त्याच्या बायकोच्या. वैजयंता घरात नवी होती, बोलायची कमी. पहाटे चहासुद्धा न घेता निघालेल्या नवऱ्याला ती एवढंच म्हणाली होती, सवतीला विचारा, माहेरी कधी जाणार आहे.

गाडीच्या माहेरची माणसं परवाच येऊन गेली होती. दसऱ्याला गाडी दारात उभी पाहिजे, इनामदारांनी सरळ सांगितलं, नाहीतर आहे तशी ट्रॉलीत घालून पुण्याला दुसऱ्या कारखान्यात पाठवतो. दसरा तोंडावर आला होता. यासीननं जुळवलेली गाडी परक्या हातात जाणार म्हणून निवासचा जीव वरखाली झाला. त्यानं वस्तादांना विचारलं, काय करायचं. ते म्हणाले, थांब, त्याचं ते होईल.

आणि आज ते हवेचं विचारत होते.

“टायराची म्हणतोस,” वस्ताद म्हणाले. “भरली कुणी?”

“यासीननं.”

“मग?”

“मग... यासीनची.”

“अजून?”

बाहेरून एक रिक्षा गेली. निवासनं पाना खाली ठेवला.

“अजून,” तो म्हणाला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचा अंगठा टायरवर ठेवला.

“दाब.”

निवासनं दाबला. टायर दगडासारखा होता. सकाळी हात जरा जास्तच चालला होता.

“नवी झाली तरी ट्यूबच ती. उन्हाळ्यात भरलेली हवा दसऱ्यापर्यंत अशी धरून बसती का? तुला ट्यूबचं काम कुणी शिकवलं?”

“तुम्ही.”

“आणि मला काय बैलगाडीवाला समजलास?”

निवासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस ताठ धरलेली मान आता कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

“मऊ लागली असती तर तुम्हाला...” त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

“रोज भरतोस?”

“लागंल तशी. थोडी थोडी. त्याची होतीच की आत. मी नुसती वरनं घातली.”

वस्तादांनी स्टूल ओढलं आणि बसले. गुडघ्यावरचे त्यांचे हात तेलानं काळे होते, नखांपर्यंत.

“मी रोज अंगठा कशाला लावत होतो, काय वाटलं तुला?”

“आहे का बघायला.”

“गेली का बघायला.”

निवासनं मान वर केली.

“माझ्या हातानं ती सुटायची नाही, निवास. म्हटलं, तिची ती जाईल हळूहळू. टायर आपण होऊन बसंल, मग उतरवीन. रोज बघायचो. रोज कडक.” ते थोडे थांबले. “म्हटलं, पोरगं जायलाच तयार नाही.”

निवास खाली फरशीवरच बसला. समोर खिळ्याला पंप टांगलेला होता. त्याच्याकडे त्याला बघवेना.

“मी सोडू का, वस्ताद?” तो म्हणाला.

“तुझी तेवढी काढून घे.”

“म्हणजे?”

“तू भरलीस तेवढी. त्याची राहू दे.”

निवासनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

तो सरकत स्टेपनीजवळ गेला. टोपी काढली. वॉल्व्हच्या पिनेवर नख टेकवलं.

हवा सुटली. बोटाला गार लागली. नव्या रबराचा वास आला, गाडीचे टायर आले त्या दिवशी खोकं फोडताना आला होता तोच.

वस्तादांनी शिकवलेल्या कानानं निवास ऐकत राहिला. कुठंतरी आवाज बदलेल. कुठंतरी एकाची संपून दुसऱ्याची लागेल.

आवाज बदलला नाही.

“वस्ताद, कुठं थांबू?”

वस्तादांचे डोळे मिटलेले होते.

“वस्ताद...”

त्यानं नख काढून घेतलं. दुकान एकदम गप्प झालं.

“ह्याच्या पुढची त्याची,” निवास म्हणाला. म्हणाला खरा, पण वर बघून म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.

वस्ताद उठले. अंगठा टायरवर ठेवला. ह्या वेळी तो नखापर्यंत आत गेला. त्यांनी तो लगेच काढला नाही. बाळाच्या टाळूवर ठेवावा तसा हलका करून तिथंच राहू दिला...

मग भिंतीवरून टायर खोलायची लोखंडी पट्टी उतरवली. यासीनची. ती खिळ्याला टांगल्या टांगल्या गंजली होती. त्यांनी ती पुसून स्टेपनीशेजारी ठेवली.

“उद्या दुसऱ्या बाजूनं मी धरतो,” निवास म्हणाला. “एकट्याला उतरायचा नाही टायर.”

वस्तादांनी त्याच्या हातातून वॉल्व्हची टोपी घेतली आणि परत जागेवर बसवली. घट्ट.

“धर. पण उद्या जरा उशिरा ये,” ते म्हणाले.