चार हजार नऊशे सत्त्याऐंशी पाने

एका राज्यात, राजा चंद्रकेताच्या राज्याभिषेकाच्या सतराव्या वर्षी, हेमंत ऋतूत, मार्गशीर्ष वद्य पंचमीला, मांत्रिक काळदत्त जुने ऋण मागायला आला. राजाच्या आजोबांनी त्याच्याकडून नदी घेतली होती. बदल्यात वचन दिले होते. तीन दिवस तीन पंगती. ओळी समान, दोनांहून कमी नाहीत. दर पंगतीतली एक ओळ मांत्रिकाची. आजोबांच्या रक्ताचा कोणी त्या ओळीत गेला, तर आधीच्या ओळी सुटतील.

वेशीचे दरवाजे आपोआप मिटले. तान्ह्या मुलांसकट सारे नगर पानांवर बसले. वाढायला सावल्या होत्या. राजा तेवढा उभा राहिला. यजमान शेवटी जेवतो, ही तिथली रीत.

पहिल्या दिवशी एकोणीस हजार नऊशे चव्वेचाळीस माणसे होती. मांत्रिकाने दोन ओळी केल्या. त्यांतली एक, हातात घास धरून, दगड झाली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांच्या दोन ओळी केल्या. त्यांतली एक दगड झाली. तीत राणी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रावळ्या लावणारा म्हातारा केरोबा राजाकडे आला. खांद्यावर त्याची साळुंकी होती. ती पाने मोजत असे.

"आज चार हजार नऊशे शहाऐंशी," साळुंकी म्हणाली. "दोन ओळी नीट बसतात."

"महाराज, आपण बसा," केरोबा म्हणाला. "एक पान वाढले की ही संख्या समान ओळींत फुटत नाही. हिने दाणे मांडून पाहिले."

"यजमान आधी जेवत नाही."

"रीत चांगली आहे. तिच्याआड आपण दोन दिवस वाचलात."

राजाने मान खाली घातली. "मुळीच फुटत नाही?"

"एकाच तऱ्हेने फुटते," साळुंकी म्हणाली. "प्रत्येक पानाची वेगळी ओळ. मग मांत्रिकाला एकच माणूस मिळेल."

"कोण?"

केरोबाने राजापुढे पान मांडले.

राजा पानावर बसला. मांत्रिकाने दोन ओळी केल्या. एक माणूस उरला. तीन केल्या. एक उरला. सात केल्या, तीन उरले. अकरा केल्या, चार उरले. ऊन कलेपर्यंत तो माणसे हलवत राहिला. दर वेळी माणसे डोळे मिटून घेत. दर वेळी कोणी ना कोणी उरे.

अखेर त्याने पान पानापासून वेगळे केले.

"ओळी झाल्या," तो दात खाऊन म्हणाला. "एक माझी." आणि तो एका तान्ह्या मुलीच्या पानाकडे वळला.

राजा उठला. "थांबा. पाहुणा स्वतःच्या हाताने घेत नाही. यजमान वाढतो, ते घेतो."

"मग वाढ."

राजाने स्वतःचे पान उचलले आणि मांत्रिकापुढे ठेवले. मांत्रिकाला ते नाकारता येईना. राजा पायापासून दगड होत गेला. दगड कंठापर्यंत आला तेव्हा त्याने राणीकडे पाहिले.

राणीने हातातला घास गिळला. तिच्यामागे ओळीच्या ओळी हलल्या. वेशीचे दरवाजे उघडले.

ऋण फिटले.