विटकरी बोट

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक विणकर बाई आपल्या लहान मुलीसोबत राहत होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. बाईचा हात सुरेख होता. तिनं विणलेल्या किनारी बघायला शेजारच्या गावच्या बायका येत. शिवाय लहानपणी बापानं शिकवल्यामुळे तिला लिहितावाचताही येत होतं.

गावच्या देवळाच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरे. त्या काळी वह्या नव्हत्या. लाकडी पाटीवर विटेची बारीक पूड पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. पंतोजी रोज एक अक्षर देत. ते मुलांनी घरी वीस वेळा काढायचं, वीस वेळा पुसायचं आणि एकविसावं तसंच पाटीवर ठेवून सकाळी शाळेत आणायचं. पूड विस्कटू नये म्हणून मुलं दोन्ही हातांत पाटी धरून सावकाश, पाऊल मोजत येत. ज्याचं अक्षर सर्वांत सुबक, त्याला पंतोजी जास्वंदीचं फूल देत.

पहिल्या दिवशी मुलीनं 'क' काढला. तो एका बाजूला कलला. दुसरा त्याहून वाकडा आला. मुलगी रडायला लागली.

"रडू नको गं. दे इकडे," आई म्हणाली. तिनं पाटी सारखी केली आणि एका दमात सुंदर 'क' काढून दिला.

दुसऱ्या दिवशी फूल मुलीच्या केसात होतं. लेक हसली, आईला बरं वाटलं. मग ते रोजचंच झालं. मुलीनं पाटी हलवून पूड सारखी करायची, आईनं अक्षर काढायचं, मुलीनं ते जपून शाळेत न्यायचं. बाराखडी संपली, जोडून लिहायचे शब्द आले, तरी फूल काही चुकलं नाही. मुलगी मुळाक्षरं घडाघडा म्हणून दाखवी. पण त्यातलं एकही तिला पाटीवर ओळखू येत नव्हतं.

पंतोजी काही आंधळे नव्हते. सगळ्या पोरांची बोटं विटकरी झालेली असत आणि हिचं बोट मात्र स्वच्छ. एकदा ते बाईच्या दारात आले.

"बाई, खरं सांगा. अक्षर पोरगी काढते ना?"

बाईनं मनात हिशेब केला: खरं सांगितलं तर उद्यापासून फूल बंद, आणि पोर पुन्हा रडणार.

"तीच काढते, पंतोजी," ती म्हणाली.

पंतोजींनी मान डोलावली आणि ते निघून गेले. त्यांनी मुलीला समोर बसवून एक अक्षर काढायला लावलं असतं, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

सुगीचे दिवस आले. सारा गाव शेतावर गेला होता. भर दुपारी मागावर बसलेली बाई एकाएकी कोसळली. अंग लुळं पडलं, वाचा गेली, मानही वळेना. घशाला कोरड पडली होती. पाण्याचा माठ तिच्या डोक्यामागे, दोन हातांवर होता. हलत होतं ते फक्त एक बोट.

मुलगी अंगणातून आत आली. आई आडवी पडलेली, डोळे उघडे, आणि बोट जमिनीवर फिरतंय.

"आई, अक्षर काढायचंय?" तिनं विचारलं. तिनं लगेच पाटी आणली, पूड सारखी केली आणि आईच्या हाताखाली सरकवली.

बाईनं जिवाच्या करारानं लिहिलं, 'पाणी'.

मुलीनं बघितलं. पहिल्यांदाच आईचं अक्षर वाकडं आलं होतं. "असू दे," ती म्हणाली, "मी पंतोजींना दाखवून येते." आणि रोजच्यासारखी पाटी दोन्ही हातांत धरून ती निघाली. अक्षर मोडू नये म्हणून अगदी सावकाश.

ओसरीवर पंतोजी एकटेच होते. पाटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे कुणी लिहिलं?"

"आईनं. रोज तीच लिहिते."

पंतोजी धावत सुटले. पण घरी पोचून त्यांनी बाईच्या ओठांना पाणी लावलं तेव्हा ते गालावरून खाली ओघळलं. ती गेली होती. भरलेला माठ घरात असताना ती तहानलेली गेली.

त्यानंतर ती मुलगी ओसरीच्या कोपऱ्यात बसून रोज एकच शब्द गिरवायची. वाकडातिकडा, पण स्वतःच्या बोटानं. आणि पंतोजी? त्यांनी फुलं देणं सोडलं. पाटी बघण्याआधी ते पोरांची बोटं बघू लागले.

तात्पर्य: लेकराचं वाकडं अक्षर पुसून तिथं आपलं सुरेख अक्षर काढू नका. एक दिवस तुम्ही लिहिलेलं त्यालाच वाचावं लागणार आहे.