भरला तांब्या

फार जुनी गोष्ट, जनावरं एकमेकांशी बोलायची तेव्हाची. म्हातारा हैबती चाबुकस्वार शिंगरांना खोगिराखालची संथ रवाल चाल शिकवायचा. पाठीवर बसताना हातात काठोकाठ भरलेला तांब्या धरायचा. थेंबही सांडला नाही, तर तेच पाणी शिंगराला पाजून मानेवर थाप द्यायचा.

पाखऱ्या शिंगरू भलतंच उधळं. त्याच्या पाठीवर रोज पाणी सांडायचं.

"आजी, पळायला पाय असताना हे मुंगीसारखं कशाला चालायचं?" त्यानं थोरल्या घोडीला विचारलं.

"वर बसलेला माणूस रोज धडधाकट नसतो, बाळा."

एका सकाळी चाल जमली. माळ गेला, ओढा गेला, थेंब सांडला नाही. पण परतताना एकाएकी गार पाणी खांद्यावरून ओघळलं, तांब्या दगडांवर खणखणला आणि म्हातारा आयाळीवर ओणवा झाला. आपलंच चुकलं, असं वाटून पाखऱ्या आणखी जपून चालू लागला. पाठीवरचा भार जराही कलू न देता तो तबेल्यात पोचला.

माणसं धावली. हैबतीला उतरवून ती रडू लागली.

"आजी, माझी चाल चुकली नव्हती गं. मग पाणी कसं सांडलं?"

"नाही चुकली, बाळा."

"मग थाप का नाही दिली त्यांनी?"

घोडीनं आपली मान त्याच्या मानेवर टेकवली.