अर्ध्या ओळीवर ठेवलेल्या सुया

ही हकीकत मला बरोबर आठवते आहे का, याबद्दल मला शंका आहे. तो दिवस मंगळवार होता असे मी आजवर सांगत आलो. पण त्या आठवड्यात पाव बुधवारी केल्याची नोंद मला माझ्याच हस्ताक्षरात सापडली, तेव्हापासून वाराचा आग्रह मी सोडला आहे. मला शिकवणाऱ्या आक्कांचे शब्द अगदी असेच होते, असेही शपथेवर सांगता येणार नाही. शिवाय या गोष्टीतला शिष्य मीच आहे. गोष्टीत ‘मी’ आला की सांगणारा त्याला हळूच सावरून घेतो, निदान मी तरी घेतो. म्हणून त्याला परका करून सांगतो.

एकदा एक अतिशय शिकलेला गृहस्थ होता. पस्तीस वर्षे त्याने महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. निवृत्त होईपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने चहाखेरीज काही केले नव्हते, आणि तोही साखरेचा डबा कुठे आहे हे हाक मारून विचारून. त्याची पत्नी मात्र एकाच सकाळी तीन कामे चालवीत असे. परातीत ओल्या फडक्याखाली पावाचे पीठ फुगत असे, गॅसवर आमटी रटरटत असे आणि मांडीवर लोकरीचे विणकाम असे. झाकणाला काच असलेला एक गोल ओव्हन तिच्याकडे होता. त्यात भाजलेल्या पावाचा वास सुटला की गृहस्थ वर्तमानपत्रातून डोके वर काढी. हे सगळे घरात आपोआप होते, अशी त्याची समजूत होती.

एका सकाळी पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात मात्र निकामी झाला आणि वाचा अडखळू लागली. शब्द तिच्या मनात असे, पण ओठांपर्यंत यायला फार वेळ घेई आणि पुष्कळदा वाटेतूनच मागे फिरे. डॉक्टरांनी गृहस्थाला बाजूला घेऊन सांगितले की पहिले सहा महिने मोलाचे आहेत; रोज कुणीतरी तिच्यापाशी बसावे आणि तिला बोलू द्यावे. वाचा परत आली तर बहुधा याच काळात येईल, पुढचे सांगता येत नाही.

गृहस्थाने मान डोलावली, घरी आला आणि भलतेच काही करू लागला. पत्नीचे एकही काम थांबू द्यायचे नाही, असा त्याने निश्चय केला. तिला चहाबरोबर घरचा पाव आवडे, म्हणून पाव. तिला बाहेरचे जेवण सोसत नसे, म्हणून स्वयंपाक. आजारापूर्वी तिने एक निळी शाल अर्ध्यापर्यंत विणली होती, ती थंडीपूर्वी पुरी करून तिच्या खांद्यावर घालायची, म्हणून विणकाम. त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन रकान्यांचे वेळापत्रक लावले. चौथा रकाना त्याला सुचला नाही.

मागच्या गल्लीत एक वृद्धा राहत असत. सगळे त्यांना आक्का म्हणत. वय एक्याऐंशी. पत्नीला विणायला आणि पाव भाजायला लग्नानंतर त्यांनीच शिकवले होते. गृहस्थ वही घेऊन त्यांच्याकडे गेला.

“मास्तर, वही राहू द्या,” आक्का म्हणाल्या. “हात पुढे करा.”

आक्कांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावले की ओळ पुरी झाल्याशिवाय सुया खाली ठेवू नयेत. मध्येच उठले तर टाके ताणतात, तिथे वीण सैल पडते आणि कितीही वेळा धुतले तरी तो सैलपणा पुरता जात नाही. गृहस्थाने घरी येऊन हे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

नियम हाती आला की विद्वान माणसाला मोठा आधार वाटतो. शालीच्या एका ओळीत एकशे चार टाके होते. गृहस्थाच्या बोटांना एका ओळीला वीस मिनिटे लागत. तेवढ्यात दूध उतू जाई, आमटी बुडाला लागे, पावाचे पीठ फुगून पुन्हा बसे. ओव्हनच्या काचेतून पाव काळा पडताना दिसे आणि गृहस्थ खुर्चीतूनच हळहळत उरलेले टाके पुरे करी. आतल्या खोलीतून पत्नी “अहो” म्हणे. हा एक शब्द तिला स्पष्ट येत होता. गृहस्थ उत्तर देई, “आलो, ही एवढी ओळ.”

ओळ संपवून तो धावत जाई आणि दारातूनच विचारी: पाणी हवे का, पांघरूण घालू का, खिडकी लावू का, उजेड लागतो का. ती काही बोलायला ओठ हलवी. तो तिच्या ओठांकडे पाहून शब्द ओळखायचा प्रयत्न करी, चुकीचा ओळखी आणि पाणी आणून देई. ती डोळे मिटून घेई. पांघरूण नीट करून तो परत सुयांकडे वळे. आपण तिच्यासाठी किती राबतो आहोत, या विचाराने त्याला रात्री झोपही चांगली लागे.

असे चार महिने गेले. पत्नी आता दिवसातून दोन-तीनदाच हाक मारी.

एका दुपारी आक्का विणकाम पाहायला आल्या. आमटीला उकळी फुटत होती, पीठ अर्धे फुगले होते, ओव्हन तापत होता. आक्कांनी शाल हातात घेतली, चष्मा पुसला आणि झरझर टाके घालू लागल्या. निम्मी ओळ झाली असेल तोच आतून हाक आली, “अहो.”

आक्कांनी त्या क्षणी, ओळ अर्धी असताना, सुया स्टुलावर ठेवल्या. उठल्या. गॅस बंद केला. ओव्हनचे बटण बंद केले. परात उचलून गार जागी माठाशेजारी ठेवली आणि फडके पुन्हा ओले करून पिठावर घातले. मग रिकाम्या हातांनी आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसल्या.

गृहस्थ मागोमाग आला. त्याने हलक्या आवाजात आठवण करून दिली की ओळ अर्धी राहिली आहे आणि पीठही बिघडेल. आक्कांनी त्याचे मनगट धरून त्याला शेजारी बसवले आणि त्या पत्नीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

पत्नीने ओठ हलवले. गृहस्थ म्हणाला, “पाणी?” आक्कांनी मनगट जरा जोराने दाबले. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटे गेली, तीन गेली. गृहस्थाला ती एकशे चार टाक्यांपेक्षा लांब वाटली.

“तुमचा,” पत्नी म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पाव.” मग तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुढचे दोन शब्द एकापाठोपाठ आले. “दगड असतो.”

आक्का खुदकन हसल्या. पत्नीच्या चेहऱ्याची डावी बाजूही हसली. आपण काय हवे ते ओळखत सुटलो होतो आणि तिला चार महिने हे सांगायचे होते, हे लक्षात येऊन गृहस्थाला हसू आले, आणि ते हसणे मध्येच वेगळे झाले. त्याने तिचा डावा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

तासाभराने तो आक्कांबरोबर स्वयंपाकघरात आला. आमटी कोमट होऊन तशीच होती. पीठ फडक्याखाली थोडेसेच वर आले होते. सुया स्टुलावर जिथल्या तिथे होत्या.

“बघितलंत ना, मास्तर,” आक्का म्हणाल्या. “लोकर थांबली. पीठ गार जागी ठेवलं, तर तेही थांबलं. आमटी तर काय, पुन्हा ऊन करता येते. तुमच्या तिन्ही कामांना थांबता येतं हो. तिच्या तोंडाशी आलेल्या शब्दाला येत नाही. तुम्ही ‘आलो, आलो’ म्हणेपर्यंत तो परत जातो. आणि तुम्ही ओळ पुरी करता, पण तिचं वाक्य मध्येच तोडून स्वतःच पुरं करता. जे थांबू शकतं त्याचे उपकार मानावेत आणि त्याला थांबवावं. त्याच्यासाठी माणसाला थांबवू नये.”

इतके होऊनही गृहस्थाची शंका संपली नव्हती. त्याने विचारले, “पण तुम्हीच सांगितलेला नियम? तिथे शाल सैल पडेल.”

“पडेल की,” आक्का म्हणाल्या. “नियम हात शिकेपर्यंत असतो. तुमच्या बायकोला तरी कुठे ओळ सलग मिळाली?”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ गृहस्थाला त्या दिवशी कळला नाही. त्याने वेळापत्रक भिंतीवरून काढले. त्यानंतर हाक आली की तो हातातले होते तसे ठेवून उठे, आत जाऊन बसे आणि तोंड मिटून वाट पाही. सुरुवातीला चार शब्दांना पाच मिनिटे लागत. थंडी सुरू होईपर्यंत ती त्याला पलंगावरून पाव शिकवू लागली: पाणी कोमट घ्या, मीठ शेवटी घाला, सारखे उघडून पाहू नका. पाव मऊ होऊ लागला. शाल त्या थंडीत पुरी झाली नाही, पुढच्या थंडीत झाली. ती जागोजागी सैल होती आणि पत्नी तीच पांघरत असे.

गोष्ट इथे संपते, म्हणून आता ‘मी’ म्हणायला हरकत नाही. त्यानंतर ती अकरा वर्षे होती आणि शेवटपर्यंत बोलत होती. त्या बोलण्याबद्दल मी कुणाचे किती आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आक्कांचे मानले, तेव्हा त्यांनी शाल आणखी कुठे सैल पडली आहे का तेवढे विचारले.

गेल्या वर्षी लोकरीचे कपडे उन्हात पसरताना एक राखाडी स्वेटर हाती आला. आमच्या लग्नानंतर सहा वर्षांनी तिने तो माझ्यासाठी विणला होता. अध्यापनाच्या काळात मी तो पुष्कळ वापरला आणि तो कधी नीट पाहिला नव्हता. उन्हाकडे धरून मी तो भिंगातून पाहिला. नुसत्या पाठीवरच, ओळींच्या मध्येच सैल पडलेल्या एकोणीस जागा आहेत. मी दोनदा मोजल्या.