टुणकी, ठिपका आणि शंभर स्क्रू

एक होती टुणकी.

टुणकी म्हणजे भिंतीवरची कोळीण. एवढीश्शी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. जाळंबिळं ती विणायची नाही. नुसत्या उड्या मारायची. टुण टुण टुणुक! तिला पाय आठ आणि डोळेही आठ. खोटं वाटतं? मग एखादी टुणकी दिसली की मोजा. आता गोष्ट ऐका.

टुणकी राहायची नेमूआजोबांच्या दुकानात. नेमूआजोबा चष्मे करायचे. कुणाला सुईत दोरा ओवता येईना, आजोबा चष्मा द्यायचे. कुणाला लांबची एसटी दिसेना, आजोबा चष्मा द्यायचे. चष्मा नाकावर बसला की माणसं म्हणायची, "अगं बाई! झाडाला पानं आहेत की!" असे आपले हुशार आजोबा.

टुणकीला पिल्लं होती सतरा. रोज सकाळी ती मोजायची. एके दिवशी मोजली, तर सोळाच!

"ठिपका कुठे गेला? माझा धाकटा ठिपका?"

"खणात पडला, खणात!" सोळा पिल्लं ओरडली.

आजोबांच्या टेबलाचा खण होता उघडा. खणात होता अंधार. अंधारात होते चष्म्याचे स्क्रू. बारीक बारीक, काळे काळे. मोजून शंभर! आणि ठिपकाही बारीक. ठिपकाही काळा.

"ठिपक्या, ए ठिपक्या!" टुणकीनं हाक मारली.

ठिपका हूं नाही की चूं नाही. आईनंच शिकवलं होतं ना! भीती वाटली की पाय पोटाशी घ्यायचे आणि गप्प बसायचं. शहाणं बाळ! पण आता स्क्रू कोणता आणि ठिपका कोणता? टुणकीच्या आठ डोळ्यांनाही कळेना.

दुपारी आजोबा जेवायला जायचे. जाताना खण लावायचे. धाड्! मग माझ्या ठिपक्याचं काय होईल? टुणकीला रडूच आलं.

पण रडून ठिपका सापडतो का? नाही. टुणकी निघाली.

टुण टुण टुणुक!

टेबलावर होतं भिंग. गोल गोल, जाड जाड.

"भिंगा भिंगा, खणात बघ.
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

भिंग म्हणालं, "बारकं ते मोठं करून दाखवीन. मुंगी मांजराएवढी दाखवीन! पण खणात अंधार. उजेड नाही, तर मी नुसती काच. जा कवडशाकडे."

टुण टुण टुणुक!

जमिनीवर बसला होता कवडसा. पिवळा पिवळा, ऊन ऊन. खिडकीच्या फटीतून आला होता.

"कवडशा कवडशा, खणात ये.
भिंग दाखवीना,
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

कवडसा म्हणाला, "मी उजेड. सूर्यापासून इथवर आलो. पण मी आपला नाकासमोर जाणारा! वळायचं मला ठाऊक नाही. जा आरशाकडे. तो मला वळवतो."

बघा, एवढा लांबून आला, पण वळता येत नाही!

टुण टुण टुणुक!

कोपऱ्यात होता आरसा. नवा चष्मा घातला की माणसं त्यात बघायची. कुणी हसायची, कुणी लाजायची.

"आरशा आरशा, कवडशाला वळव.
कवडसा वळेना,
भिंग दाखवीना,
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

आरसा म्हणाला, "वळवीन की! म्हणशील तिकडे पाठवीन. पण माझ्यावर बसलीय धूळ. धुळीतून मी कसा चमकू? जा फडक्याकडे."

टुण टुण टुणुक!

खिळ्याला टांगलं होतं फडकं. मऊ मऊ, निळं निळं.

"फडक्या फडक्या, आरसा पूस.
आरसा चमकेना,
कवडसा वळेना,
भिंग दाखवीना,
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

फडकं म्हणालं, "पुसीन की! पण कोरड्या काचेवर मी हात ठेवत नाही. ओरखडे पडतात, बाई. आधी करायचं हाः! मग पुसायचं हळू हळू. या दुकानाची रीतच आहे तशी. जा आजोबांकडे."

तुम्ही करता का असं, काचेवर? करा बघू. हाः!

टुण टुण टुणुक!

आजोबा कुठे होते? आजोबा टेबलाखाली वाकले होते. मग कपाटामागे वाकले. मग बैठकीवरच्या उशीखाली हात घातला.

"आजोबा आजोबा, हाः करा.
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
कवडसा वळेना,
भिंग दाखवीना,
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

आजोबा म्हणाले, "करतो की गं बाय! पण आरसा कुठं हाय, फडकं कुठं हाय, दिसाया नको व्हय? मला माझा चष्माच सापडंना!"

अगं बाई! साऱ्या गावाला चष्मे देणारे आजोबा, आणि त्यांचाच चष्मा हरवला!

तेवढ्यात आतून आजींची हाक आली, "अवं, जेवाय चला! भाकरी गार झाली!"

"आलो, आलो!" आजोबा म्हणाले. चाचपत चाचपत त्यांचा हात खणाकडे निघाला.

"थांबा!" टुणकी ओरडली. "खण लावू नका! माझं बाळ आहे आत!"

आजोबांचा हात थांबला. "बाळ? हितं? बरं बाय, नाही लावत. पण लवकर माझा चष्मा शोध."

टुणकीनं आठही डोळे मोठ्ठे केले. दोन डोळ्यांनी पुढे बघितलं. दोन डोळ्यांनी बाजूला बघितलं. चार डोळ्यांनी मागे बघितलं. चष्मा कुठेच नाही!

"चष्म्या चष्म्या, कुठे आहेस?
आजोबा हाः करीनात,
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
कवडसा वळेना,
भिंग दाखवीना,
ठिपका सापडेना.
आता मी काय करू?"

वरून कुणीतरी हसलं. खुदुखुदु!

"मी इथे आहे. वर बघ, वर!"

टुणकीनं वर बघितलं. कुठे होता चष्मा? सांगा, सांगा!

आजोबांच्या कपाळावर!

चष्मा म्हणाला, "सकाळपासून इथेच बसलोय. नाकावर उतरायचंय मला. पण मला पाय कुठे आहेत?"

"मला आहेत," टुणकी म्हणाली. "आठ!"

टुण टुण टुणुक! टुणकी चढली खांद्यावर. टुण टुण टुणुक! टुणकी चढली कानावर. टुणुक! टुणकी पोचली कपाळावर. आणि आठ पायांनी नाचली. तुरुतुरु, तुरुतुरु!

"अगं आई गं, गुदगुल्या!" आजोबांनी मान हलवली. आणि चष्मा घसरला.

टप्प! बसला नाकावर.

मग काय विचारता!

चष्मा बसला, आजोबांना दिसलं.
आजोबांनी केलं हाः!
हाः झालं, फडकं पुसू लागलं. सुकु सुकु सुकु!
फडक्यानं पुसलं, आरसा चमकला. लख्ख!
आरसा चमकला. आजोबांनी तो उचलला. कवडशापुढे धरला.
आणि कवडसा वळला!

खरंच वळला. जमिनीवरून उठला, भिंतीवरून पळाला आणि पटकन खणात उतरला. अंधाऱ्या खणात ऊन पडलं. शंभर स्क्रू चकचक करू लागले. टुणकी बघतच राहिली. किती सुंदर! जन्मभर इथे राहिली, पण असं काही बघितलं नव्हतं.

मग दुसऱ्या हातात आजोबांनी घेतलं भिंग.

"ह्यो स्क्रू. ह्यो पण स्क्रू. ह्यो पण स्क्रूच. आणि ह्यो..."

आजोबा थांबले.

"आरं तिच्या! ह्यो स्क्रू तर माझ्याकडं बघायलाय!"

स्क्रूला डोळे असतात का? नसतात! स्क्रूला पाय असतात का? नसतात! याला होते. एक पाय हलला. दोन पाय हलले. मग आठही पाय हलले.

"ठिपक्या!" टुणकी ओरडली.

ठिपक्यानं भिंगातून वर बघितलं. वर होता एक डोळा. केवढा? परातीएवढा!

"आई!" ठिपका म्हणाला. "केवढा हा डोळा!"

"घाबरू नकोस रे," टुणकी म्हणाली. "आजोबांचा आहे. डोळा मोठा, पण माणूस चांगला."

टुणुक! टुणकी गेली खणात. टुणुक! ठिपका बसला पाठीवर. टुणुक! दोघं आली बाहेर. टुणकीनं पिल्लं मोजली. पंधरा, सोळा, सतरा! मग पुन्हा एकदा मोजली. सतराच! मग ठिपक्याला आठही पायांनी घट्ट जवळ घेतलं.

आजोबा म्हणाले, "शंभर स्क्रूंत एक जीव होता, आणि मला पत्ताच नाही! बरं झालं गं, तू बोललीस. डाळीएवढी बाय, पण मोठी गुणाची!"

त्यांनी खण लावला. धाड् नाही हं. हळूच लावला. चष्मा कपाळावर सरकवला आणि जेवायला गेले.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अगं, माझा चष्मा बघितलास का कुठं?"

तेव्हा टुणकी आणि सतरा पिल्लं एकदम ओरडली. तुम्हीही ओरडा.

"कपाळावर!"

सगळ्यांत मोठा आवाज होता ठिपक्याचा.

आजोबा जेवले पोटभर,
ठिपका आईच्या पाठीवर,
गोष्ट झाली इथवर!