खांबाआडचा खोकला

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा सीमेवरच्या कुरणासाठी राजे लढाया करत नसत, बुद्धिबळाचा डाव मांडत. तेही काही वाईट नव्हतं म्हणा.

एका राजानं असाच एक डाव गमावला आणि प्रजेच्या गुरांचं कुरण शेजाऱ्याच्या घशात गेलं. आता हा राजा पहिल्यापासून संशयी. त्याला वाटलं, आपण हरणं शक्यच नाही, कुणीतरी फितूर झालंय. आधी त्यानं पंखा ढाळणाऱ्यावर संशय घेतला, मग सरबत आणणाऱ्यावर. शेवटी तो संशय जाऊन बसला म्हाताऱ्या गुरुजींवर. राजाला खेळ शिकवला होता तो यांनीच.

"ऐन मोक्याला तुम्ही खोकलात," राजा म्हणाला. "खोकल्याच्या निमित्तानं हात तोंडाशी नेऊन शत्रूला खूण केलीत. उद्या राज्य सोडा."

"सोडतो," गुरुजी म्हणाले. "पण हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या जागी बसून डाव पुन्हा मांडायचा, ही आपली रीत. ती तेवढी राहिलीय."

राजानं ती मुद्दामच टाळली होती. हरलेला डाव पुन्हा बघायची हौस कुणाला असते? पण फितुरी उघडी पडेल या आशेनं तो शत्रूच्या आसनावर बसला. गुरुजी त्या दिवशीच्या आपल्या जागेवर गेले.

एकेक चाल होत डाव त्या खोकल्यापाशी आला. गुरुजी खोकले. राजानं झटकन मान वर केली, तर समोर नुसता दगडी खांब. या आसनावरून गुरुजी दिसतच नव्हते, मग त्यांच्या हाताची खूण कुठून दिसणार?

राजा चपापला. ओशाळून त्यानं नजर पटाकडे वळवली. पलीकडे त्याचाच घोडा उभा होता. अडीच घरं उडी मारली असती, तर शत्रूच्या राजाला शह बसून वजीरही हाती आला असता. डाव तिथंच जिंकलेला होता.

"हे मला तेव्हा कसं दिसलं नाही?"

"तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघत होता, महाराज. आणि त्याच नादात हत्ती मागे घेतलात."

"मग तुम्ही खोकलात कशाला?"

"खोकला आला म्हणून."

राजानं हुकूम मागे घेतला, हातही जोडले. गुरुजींनी मात्र घोंगडी खांद्यावर टाकली. "आता इथं मला खोकायचीही भीती वाटेल," असं म्हणून ते निघून गेले.

कुरण गेलं ते गेलंच. राजा पुढे पुष्कळ डाव खेळला आणि हरला, पण चुकलेली चाल दाखवायला कुणी जवळ येईना.

म्हणून सांगतो, हार झाली की आधी आपली चाल तपासावी, माणसं मागाहून.