देवघरातला समुद्र

देवघरातली भांडी एकमेकांशी भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. तिथला शंख सगळ्यांना दमात घ्यायचा, "माझ्या पोटात अख्खा समुद्र आहे. मी कलंडलो तर बुडाल!" देवघरात कान काय ते एकट्या उंदराला. त्याने शंखाला कान लावून सांगितलं, "खरंय, लाटा ऐकू येतात." तेव्हापासून समईसुद्धा जीव मुठीत धरून जळायची.

एकदा पाणी शोधताना उंदराने रिकाम्या तांब्यात डोकं घातलं आणि ओरडला, "अरेच्चा, इथेही समुद्र!" मग उदबत्तीच्या नळकांड्याला कान लावून म्हणाला, "आणि इथे खाडी!"

"चोर! माझा समुद्र चोरला!" शंख किंचाळला.

"शंखोबा, चोरी कसली?" उंदीर म्हणाला. "बाहेर जातं घरघरतं, गुरं हंबरतात. त्याने हवा थरथरते. ती थरथर पोकळीत घुमते आणि माझ्या कानाच्या पडद्यावर आपटते. जिथे रिकामं, तिथे समुद्र."

"म्हणजे मी रिकामा?"

उंदीर मिशीत हसला. त्यावर शंखाने असा काही शंख केला की शेजारची चार घरं धावत आली.

पोटात खरंच समुद्र असता, तर नुसतं गुडगुडलं असतं.